शेतमजुराचे दुखणे आणि संशोधकाची वही

१

शेतमजुरांच्या आरोग्यावर जगभर झालेल्या संशोधनाचा इतिहास मी काही वर्षे वाचतो आहे. या इतिहासात डॉक्टर आहेत, सरकारी आयोग आहेत, प्रयोगशाळा आणि न्यायालये आहेत. मजूरही आहेत, पण बहुतेक ठिकाणी ते बोलताना दिसत नाहीत. त्यांचे रक्त तपासलेले आहे, त्यांच्या मृत्यूचे आकडे मांडलेले आहेत. त्यांचे म्हणणे मात्र कुठे नाही. म्हणून प्रत्येक अहवाल वाचताना मी एकच प्रश्न विचारतो. मजुराचे दुखणे वहीत टिपून घेतले ते कोणी आणि कोणासाठी? या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सारे अवलंबून असते, औषध कोणते द्यायचे तेही आणि दोष कोणाच्या माथी मारायचा तेही.

या शास्त्राची सुरुवात मात्र एका कष्टकऱ्याच्या बोलण्यातून झाली आहे आणि ती आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. इटलीतल्या मोडेना शहरात बर्नार्दिनो रामात्सिनी नावाचा वैद्य राहत होता. त्याच्या घराचा मैलाखड्डा उपसायला एक माणूस आला. तो जीव तोडून घाई करीत होता. रामात्सिनीने त्याला विचारले, एवढी घाई कशाला? त्या माणसाने सांगितले की चार तासांपेक्षा जास्त वेळ या खड्ड्यात काढला तर माणूस आंधळा झाल्यासारखा होतो. रामात्सिनीने त्याचे डोळे तपासले, शहरातल्या इतर मैला उपसणाऱ्यांची चौकशी केली आणि तिथून तो एकेका धंद्याचे रोग नोंदवीत गेला. १७०० साली त्याचा ग्रंथ छापला गेला. त्यात शेतात राबणाऱ्यांच्या रोगांवरही एक प्रकरण आहे. रोग्याला इतर प्रश्न विचारतात त्यांच्याबरोबर तुझा धंदा कोणता हेही वैद्याने विचारले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

कष्टकऱ्यांच्या आरोग्याचे आधुनिक शास्त्र एका मैला उपसणाऱ्या माणसाच्या उत्तरापासून सुरू झाले. ज्याला आपल्याकडे उंबरठ्याच्या आत घेतले नसते, त्याच्या तोंडचे वाक्य या शास्त्राचा पाया आहे. पुढच्या दोनशे वर्षांत हा पाया पार बुजून गेला.

२

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतमजुराच्या शरीराकडे पुन्हा लक्ष गेले ते कृमीमुळे. अंकुशकृमी म्हणजे ज्याला हुकवर्म म्हणतात तो जंत. मातीतली त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते, आतड्याला चिकटते आणि रक्त शोषीत राहते. माणूस पांढराफटक पडतो, दोन पावले चालला तरी धापा टाकतो.

१८९९ साली पोर्तो रिको बेटावर मोठे चक्रीवादळ झाले. तेथल्या निर्वासितांवर उपचार करताना बेली ॲशफर्ड या अमेरिकन लष्करी डॉक्टरला कॉफीच्या मळ्यांतल्या मजुरांच्या जुनाट रक्तक्षयाचे कारण सापडले. ते कारण हा कृमी होता. या मजुरांना तोवर जन्मजात आळशी समजले जाई. १९०२ साली अमेरिकेच्या दक्षिण भागातही हाच कृमी घरोघर आहे असे चार्ल्स स्टाइल्स याने दाखवले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याचे बारसे केले: आळसाचा जंतू. १९०९ साली रॉकफेलरने दहा लाख डॉलर दिले आणि अकरा राज्यांत मोहीम सुरू झाली. तपासलेल्या मुलांपैकी सुमारे चाळीस टक्के मुलांच्या पोटात कृमी निघाला.

या मोहिमेने लक्षावधी माणसांना औषध दिले. कितीतरी मुले शाळेत जाऊ लागली. हे काम मोठे होते आणि ते मोठे म्हणूनच सांगितले पाहिजे. पण पुढची पायरी पाहा. मोहीम अमेरिकेबाहेर निघाली तेव्हा १९१४ साली तिचे पहिले ठाणे ब्रिटिश गयानातल्या उसाच्या मळ्यांवर पडले. तिथे राबत होते ते हिंदुस्थानातून करारावर नेलेले गिरमिटिये. मळेवाल्याला हा कार्यक्रम पटत होता, कारण निरोगी मजूर जास्त ऊस तोडतो. गोळी एकदाच द्यायची असते. पायात जोडा, वस्तीत संडास आणि पोटाला पुरेसे अन्न ही मात्र रोजची देणी असतात. म्हणून गोळी लवकर पोचली आणि संडास रेंगाळला. जिथे माणूस औषध घेऊन पुन्हा त्याच मातीत अनवाणी उतरला, तिथे कृमीही पुन्हा पोटात गेला.

ज्याला आळशी म्हणून हिणवले त्याच्या अंगात रक्तच नव्हते, एवढे या संशोधनाने सिद्ध केले. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. गावाने आपल्या आजोबा-पणजोबांना हेच विशेषण लावले होते. रक्त कोणी शोषले, या प्रश्नाचे उत्तर मात्र शास्त्राने कृमीपाशी थांबवले.

३

दुसरी गोष्ट पेलाग्राची. तिचे धागे जातीच्या प्रश्नाला थेट येऊन भिडतात.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेच्या कापूसपट्ट्यात हा रोग वणव्यासारखा पसरला. कातडी सोलवटते, हगवण लागते, डोके भ्रमते, माणूस मरतो. कापसाच्या वाटेकऱ्यांत, गिरणवस्त्यांत, अनाथाश्रमांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत तो विशेष दिसे. १९१४ साली सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला चौकशीला पाठवले. इस्पितळांत त्याला एक गोष्ट प्रथम दिसली. रोगी मरत होते आणि त्यांची सेवा करणारे नोकर ठणठणीत होते. रोग जंतूचा असता तर त्याने असा भेदभाव केला नसता. त्याने अनाथ मुलांना दूध, अंडी, मांस आणि कडधान्ये दिली, आणि रोग निघून गेला. १९१५ साली मिसिसिपीतल्या एका तुरुंगाच्या शेतावर, शिक्षामाफीच्या बोलीवर तयार झालेल्या निरोगी कैद्यांना त्याने गरिबांचे मक्याचे जेवण दिले, आणि काही महिन्यांत अकरांपैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. सत्तेच्या हाती सापडलेल्या माणसांवरचा हा प्रयोग आज कोणी करू देणार नाही आणि ते योग्यच आहे. पण त्यातून निघालेला निष्कर्ष पक्का होता. हा रोग ताटात काय पडते यावरून ठरतो.

तरीही हे ऐकून घ्यायची अनेकांची तयारी नव्हती. १९१६ साली चार्ल्स डॅव्हेनपोर्ट या वंशशास्त्रज्ञाने पेलाग्रात आनुवंशिकतेचा वाटा आहे असे मांडले. म्हणजे दोष घराण्याच्या रक्तात! त्याच वर्षी गोल्डबर्गरने रोग्यांचे रक्त स्वतःला आणि आपल्या बायकोलाही टोचून दाखवले की हा रोग लागत नाही. आणि त्याच १९१६ सालच्या मे महिन्यात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, पंचवीस वर्षांचा एक हिंदी विद्यार्थी हिंदुस्थानातील जातींविषयी आपला निबंध वाचीत होता. जात रक्तातून उगवत नाही, ती आपापल्यातच लग्न करण्याच्या सक्तीने घडवली आणि टिकवली जाते, हे त्या निबंधाचे सार होते. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. या माणसांचा एकमेकांशी काही संबंध आल्याचे मी म्हणत नाही. पण दीनांच्या दैन्याचे कारण त्यांच्या रक्तात शोधायचे की समाजाच्या रचनेत, हा एकच वाद त्या वर्षी त्या देशात दोन ठिकाणी चालू होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

गोल्डबर्गरने पुढे एडगर सिडनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाला बरोबर घेतले आणि गिरणवस्त्यांतील घरांचे उत्पन्न आणि आहार यांचा हिशेब मांडला. उत्पन्न जितके कमी तितका रोग जास्त. वाटेकऱ्याच्या दारापर्यंत कापूस लावलेला, भाजीला आणि गाईला जागा नाही, दुकानदाराच्या उधारीवर मक्याचे पीठ, चरबी आणि काकवी. १९२१ साली कापसाचा भाव कोसळला तेव्हा उपासमारीचा धोका राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केला. त्यावर दक्षिणेतले पुढारी खवळले. आमच्या प्रदेशाची बदनामी होते म्हणाले. गावातल्या अत्याचाराची बातमी छापून आली की गावाची बदनामी झाली असे म्हणणारे लोक आपण पाहिले आहेत. त्यांची जात जगभर पसरलेली आहे!

आपल्या शेजारच्या कर्नाटकातले एक उदाहरण येथेच सांगितले पाहिजे. शिमोगा जिल्ह्यात सागर तालुक्यात हंडिगोडू नावाचे गाव आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यात या भागात सांधे झिजवणारा, माणसाला खुरडत चालायला लावणारा एक विकार डॉक्टरांच्या नजरेस आला. तो मुख्यतः चनंगी आणि चलवादी या दलित समाजांत आढळला. ही माणसे भाताच्या शेतांत मजुरी करणारी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे संशोधक तेथे गेले. भातखाचरातले खेकडे ही मजुरांच्या ताटातली फुकटची चीज. शेतावर फवारलेले विष त्या खेकड्यांतून पोटात जाते का, अशीही शंका पुढे आली. नंतरच्या अभ्यासांनी हा विकार आनुवंशिक ठरवला.

या निष्कर्षाशी माझे भांडण नाही. पण आनुवंशिक हा शब्द उच्चारला की चौकशी संपते, ते मला मान्य नाही. काही घरांच्या लहानशा वर्तुळात पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी फिरत राहिल्या, त्या कोणाच्या कायद्याने? ते वर्तुळ जातीने आखले. दोष रक्तात असेल, पण त्या रक्ताला कोंडवाड्यात घालणारी व्यवस्था रक्तातली नव्हे. आणि विकार आनुवंशिक असला तरी पोषण, उपचार आणि निर्वाह यांची जबाबदारी त्यामुळे शासनाच्या डोक्यावरून उतरत नाही.

४

आता कायद्याकडे वळू. शेतावरचे काम हे कामगाराचे काम आहे की नाही, हाच प्रश्न जगाने फार काळ लोंबकळत ठेवला. १९२१ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने शेतमजुरांचा विषय हाती घेतला तेव्हा फ्रान्सने हरकत घेतली की शेती या संघटनेच्या अधिकारात येत नाही. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १९२२ साली न्यायालयाने सांगितले की येते. म्हणजे शेतमजूर हा मजूर आहे, हे ठरवायलाही न्यायालय लागले! शेतीतील सुरक्षितता आणि आरोग्य यांवरचा सर्वंकष करार व्हायला त्यानंतर २००१ साल उजाडले.

अमेरिकेत १९३८ साली किमान वेतनाचा आणि कामाच्या तासांचा कायदा झाला, त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेत या दोन्ही कामांत बहुसंख्य काळी माणसे होती आणि दक्षिणेतल्या गोऱ्या प्रतिनिधींची मते सरकारला हवी होती. आपल्याकडे मुंबई विधिमंडळात १९२८ साली प्रसूती रजेच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला. १९२९ साली कायदा झाला, पण तो कारखान्यातल्या बाईसाठी. बांधावर बाळंत होणारी बाई त्याच्या बाहेर राहिली.

या भिंतीचा परिणाम किती भयंकर असतो ते डीबीसीपी या रसायनाने दाखवले. मुळांवरचे सूत्रकृमी मारण्यासाठी ते जमिनीत सोडत. त्याने उंदरांचे वृषण आक्रसतात हे १९६१ सालीच छापून आले होते. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप येथील कारखान्यात कामगारांच्या आपसांतल्या बोलण्यात आले की आपल्यापैकी कोणालाच मूल होत नाही. त्यांनी तपासणीची मागणी लावून धरली आणि वांझपण सिद्ध झाले. १९७९ साली अमेरिकेत हवाईतल्या अननसाचा अपवाद सोडून या रसायनावर बंदी आली. पण मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत १९७७ नंतरही त्याचा वापर चालू होता. तेथल्या हजारो मजुरांना पुढे कित्येक वर्षे न्यायालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. विष एकच होते. कारखान्यातल्या कामगाराला संघटना होती, कायदा होता. शेतातल्या माणसाकडे दोन्ही नव्हते.

संशोधनाच्या वहीतही हीच भिंत आढळते. शेतीतील आरोग्यावरचा जगातला एक फार मोठा अभ्यास १९९३ साली अमेरिकेतील आयोवा आणि उत्तर कॅरोलायना या राज्यांत सुरू झाला. सुमारे ८९,००० माणसे त्यात आहेत. कीटकनाशके आणि कर्करोग यांच्या नात्यावर त्याने मोलाची माहिती दिली. पण ही माणसे कोण? फवारणीचा परवाना असलेले शेतकरी, त्यांच्या बायका, आणि थोडे व्यावसायिक फवारे. हंगामापुरता येणारा आणि पीक निघाले की पुढच्या राज्यात जाणारा रोजंदार या वहीत जवळजवळ नाही. त्याला पत्ता नाही, परवाना नाही, म्हणून तो आकडाही नाही. ही उणीव काही अंशी भरून काढली ती कॅलिफोर्नियातल्या सालिनास खोऱ्यातील अभ्यासाने. तेथे १९९९-२००० साली ६०१ गरोदर बायांची नोंद झाली. बहुतेक मेक्सिकन वंशाच्या, शेतमजुरांच्या घरांतल्या. गरोदरपणी ज्यांच्या अंगात कीटकनाशकांचे अंश जास्त होते त्यांची मुले सातव्या वर्षी बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडलेली आढळली. आईच्या शेतातले विष मुलाच्या शाळेत पोचले होते. शिक्षक म्हणून माझी झोप उडवणारे वाक्य आहे ते. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला आपण ‘ढ’ म्हणून मोकळे होतो.

५

याच सालिनास खोऱ्यात मजुरांनी स्वतः एक लढाई जिंकली होती. सॅलडच्या पाल्याची विरळणी आणि खुरपणी तेथे आखूड दांड्याच्या कुदळीने करावी लागे. मजूर तिला ‘छोटी’ म्हणत. दिवसभर कंबरेत दुमडून चालावे लागे. मेक्सिकन माणूस बुटका, जमिनीजवळचा, त्याला वाकणे जड जात नाही, असा युक्तिवाद उघड होत असे. मालक म्हणत, लांब दांड्याने पीक खराब होते. मजुरांना खरे कारण ठाऊक होते. आखूड दांडा असला की कोण विसावा घ्यायला उभा राहिला ते मुकादमाला लांबून दिसते.

मजुरांनी गरिबांसाठी काम करणाऱ्या वकिलांना हे सांगितले. वकिलांनी डॉक्टर उभे केले आणि मणक्याची कायमची हानी पुराव्याने मांडली. १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला आणि ती कुदळी शेतातून हद्दपार झाली. तरुणपणी हेच हत्यार वापरलेला सेझर चावेझ तोवर शेतमजुरांचा पुढारी झाला होता. माझ्या आजीची पाठ पन्नाशीतच काटकोनात वाकली होती. म्हातारपणाचा पोक म्हणून आम्ही ते सोडून दिले. खुरप्याचा दांडा किती लांबीचा असावा हा हक्काचा प्रश्न असू शकतो, हे आमच्या घरात कोणाला सुचले नव्हते.

तिसरे उदाहरण ऊसतोडीचे. २००२ साली एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी लिहिले की मूत्रपिंडे निकामी होऊन आलेल्या त्यांच्या रोग्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांना ना मधुमेह, ना रक्तदाब, ना कोणते माहीत असलेले कारण. बहुतेक पुरुष, किनाऱ्याकडचे, शेतात राबणारे. निकाराग्वातल्या चिचिगाल्पा या ऊसपट्ट्यातल्या एका वस्तीला विधवांचे बेट असे नाव पडले. तेथील आजारी माजी मजुरांनी आणि विधवांनी संघटना काढली. साखर कारखान्याला जागतिक बँकेच्या गटाने कर्ज दिले होते. म्हणून २००८ साली त्यांनी त्या गटाच्या तक्रार कार्यालयातच दाद मागितली. पुढे अभ्यास कोणी करायचा हे ठरवताना मजुरांची संमती घेतली गेली आणि बोस्टन विद्यापीठाचे संशोधक आले. मजुराने संशोधक निवडला, ही या इतिहासातली मोठी घटना आहे.

या रोगाचे कोडे पूर्ण सुटलेले नाही. कीटकनाशकांच्या वाट्यावर वाद आहे. पण कडक उन्हात, टनावर मजुरी मिळते म्हणून पाण्यालाही न थांबता केलेली तोडणी मूत्रपिंडाला मारते, याचा पुरावा भक्कम होत गेला आहे. एल साल्वादोर आणि निकाराग्वात पाणी, विश्रांती आणि सावली यांचे प्रयोग झाले. तीन साधे शब्द. पण टनावरची मजुरी त्या तिन्हींच्या विरुद्ध असते.

६

टनावरची मजुरी म्हटल्यावर बीडचे नाव घ्यावेच लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. एक दिवस पडून राहिले की खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा, ना पाणी, ना संडास. अंगावरून जाते म्हणून बाई डॉक्टरकडे गेली की कर्करोगाची भीती घालून पिशवी काढण्याचा सल्ला. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीपुढे जो आकडा आला तो प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावा. बीड जिल्ह्यातल्या पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती.

येथेही दोष बाईच्याच पदरात टाकणारे निघाले. अडाणी आहेत, पाळीचा त्रास नको म्हणून स्वतःहून काढून घेतात! आळसाचा जंतू, रक्तातला दोष आणि बायांचा अडाणीपणा हे एकाच घराण्यातले शब्द आहेत. रोगाचे कारण रोग्यातच कोंडून ठेवायचे, म्हणजे मुकादम, कारखाना आणि उचल ही तिन्ही चौकशीबाहेर राहतात.

माझे म्हणणे एवढेच आहे की संशोधन ही परक्याने येऊन करायची गोष्ट आहे, हा समज आपण टाकून दिला पाहिजे. लॅथ्रॉपच्या कामगारांनी आपले दुखणे एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा शास्त्र पुढे सरकले. सालिनासच्या मजुरांनी दांड्याच्या लांबीवर बोट ठेवले, तेव्हा डॉक्टरांना मणका दिसला. आपल्या वस्त्यांतून हंगामाला जाणाऱ्या प्रत्येक टोळीमागे एक वही असू द्या. जाताना कोण कसे होते, आल्यावर कसे आहे, कोणते काम, कोणते औषध फवारले, किती खाडे, कोणत्या दुखण्यावर कोणती शस्त्रक्रिया, किती कर्ज. गावातल्या शिक्षकाने, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने हे लिहावे. त्यासाठी पदवी लागत नाही. विचारण्याची आणि ऐकून घेण्याची तयारी लागते.

ज्यांच्या अंगाचा अभ्यास शंभर वर्षे झाला त्यांच्या हातात आता लेखणी आली आहे. ती केवळ आत्मकथा लिहिण्यासाठी नाही. आपल्या माणसांच्या दुखण्याचा हिशेब मांडून तो मागण्यासाठीही ती आहे.